बटण माझं, फोटो कोणाचा?

आपल्या कॉलेजातून इंजिनिअर किती बाहेर पडतात हे रिझल्ट लागल्यावरच कळतं, पण फोटोग्राफर मात्र दरवर्षी शंभर टक्के बाहेर पडतात! ज्याच्या खिशात फोन तो फोटोग्राफर. सबमिशनच्या फाइलपासून ते मेसच्या अर्ध्या कच्च्या पोळीपर्यंत सगळ्याचे फोटो निघतात. आणि गंमत म्हणजे ते चांगले निघतात. हललेले नसतात, काळे पडलेले नसतात, कोणाचं डोकं कापलेलं नसतं. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम काढून बघा, एक तरी ग्रुप फोटो असा सापडतो की त्यात निम्मं खानदान डोळे मिटून उभं आहे. आता तसं होत नाही. मग तक्रार कसली?

तक्रार नाही, वाद आहे. यंदाच्या गॅदरिंगच्या फोटो स्पर्धेत एक गट 'फुल मॅन्युअल'चा ठेवावा असा प्रस्ताव मी फोटोग्राफी क्लबच्या मीटिंगमध्ये मांडला. ३६ फोटो, ऑटो काहीही नाही, स्क्रीनवर चिकटपट्टी. मीटिंगमधले अर्धे लोक हसले. एका सीनियरने विचारलं, "अगं, मग उद्यापासून गणितं पण लॉगटेबल घेऊन करायची का?" सगळे अजून जोरात हसले, आणि लगेच पुढचा विषय टी-शर्टच्या रंगाचा निघाला. टी-शर्टपुढे कोणाचं काही चालत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून हा लेख.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं, मुद्दे मात्र माझे मला ठेवू द्यावेत ही नम्र विनंती.)

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी ऑटोच्या विरुद्ध नाही. फोटोग्राफीत ऑटो आलं ते काही आपल्या पिढीत आलेलं नाही. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हाच त्यात शंभर फोटोंचा रोल भरून मिळायचा. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो धुऊन, छापून, नवीन रोल घालून कॅमेरा परत येणार. जाहिरातीचा मतितार्थ असा, की बटण तेवढं तुम्ही दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं. त्यानंतर एकेक काम हातातून निघतच गेलं. १९७७ मध्ये कोनिकाचा सी-३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा छोटा कॅमेरा बाजारात आला. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० ने बॉडीतच ऑटोफोकस बसवून एसएलआरवाल्यांची सोय केली. प्रत्येक वेळी काहीतरी सोपं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

नाहीतर किती कष्ट होते बघा. होमाई व्यारावाला हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्या गेल्या. कबुतर उडवणाऱ्या पंडित नेहरूंचा त्यांचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्या वापरायच्या त्या कॅमेऱ्यांपैकी एक म्हणजे स्पीड ग्राफिक. हा कॅमेरा कसा चालतो ते वाचलं तर आपण फोन काढून त्याला नमस्कार करू! एका फोटोसाठी फिल्मचा होल्डर मागे घालायचा, त्याची झाकणपट्टी ओढायची, शटर ताणायचं, अंतराचा अंदाज घेऊन फोकस लावायचा, अॅपर्चर आणि स्पीड लावायचा, फ्लॅशचा बल्ब बसवायचा आणि मग एक फोटो. एकच! पुढच्या फोटोला पट्टी परत घाला, होल्डर उलटा करा, जळलेला बल्ब काढा, नवा लावा. आणि समोर पंतप्रधान आहेत, ते काही तुमच्यासाठी थांबलेले नाहीत.

असे कष्ट कोणी परत करावेत असं मी म्हणत नाही. मागच्या इंटर-कॉलेज कबड्डीला मी फोटो काढत होते तेव्हा क्लबच्या नव्या कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा ऑटोफोकस चालू होता. खरं सांगते, मजा आली. रेडर कसाही पळू दे, फोकस त्याला धरून. माझं अर्धं लक्ष जे एरवी फोकसच्या रिंगवर असतं ते मोकळं झालं आणि मी खेळ बघू शकले. कोणाचा पाय मागे सरकतोय, कोपऱ्यातला डिफेंडर कधी झेप घेणार, हे दिसायला लागलं. यंत्राने एक काम उचललं की माणूस दुसरं काम नीट करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

पण त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट झाली. शेवटच्या रेडमध्ये आपला रेडर कॅमेऱ्याकडे पाठ करून लाइन शिवायला झेपावला. चेहरा दिसेना. कॅमेऱ्याने काय करावं? मागे प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसलेल्या एका मुलाचा चेहरा शोधला आणि त्यावर फोकस लावला. हातात समोसा, तोंड उघडं, एकदम शार्प. आणि पुढे धूसर झालेला हात, जो लाइनला लागलाय की नाही यावर मॅच अवलंबून! कॅमेऱ्याचं चुकलं का? नाही. त्याला चेहरा शोधायला सांगितलं होतं, त्याने चेहरा शोधला. मॅच कुठे चालू आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. टी.ई.ला कंट्रोल सिस्टीम्सच्या पहिल्या लेक्चरला सर फळ्यावर जी आकृती काढतात ती आठवा. सेटपॉइंट, कंट्रोलर, प्लँट, आणि मागून वळसा घालून येणारा फीडबॅक. कॉम्प्युटर लॅबमधला एसी चोवीसवर लावला की तो लॅब चोवीसवर आणतो आणि तिथेच ठेवतो. कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद, हे आपण बघत बसत नाही. बसूही नये. पण चोवीस हा आकडा एसीने काढलेला नाही. तो रिमोट ज्याच्या हातात आहे त्याने ठरवला, आणि म्हणूनच रिमोटवरून भांडणं होतात, कॉम्प्रेसरवरून होत नाहीत.

कॅमेऱ्याचंही तसंच आहे. ऑटो मोड काय करतो? समोरचा उजेड मोजतो आणि शटर, अॅपर्चर, आयएसओ असे फिरवतो की फोटो एका ठरावीक उजळपणावर यावा. मग हा ठरावीक उजळपणा कोणी ठरवला? साध्या लाइट मीटरमागचं गृहीतक असं, की कुठलंही दृश्य घेतलं तर सरासरीने ते मध्यम करडं असतं. फोटोवाले याला साधारण अठरा टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला अठरा टक्के प्रकाश परत फेकणारा. हा झाला सेटपॉइंट.

आता पालखीच्या दिवसांत रस्त्यावर उभे राहा. समोरून पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेली दिंडी येतेय. मीटर म्हणणार, बाप रे, फार उजेड, कमी करा! आणि पांढरेशुभ्र वारकरी मळकट करडे होणार. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीचा जवळून फोटो काढा. मीटर म्हणणार, फार अंधार, वाढवा! आणि काळी म्हैस करडी होणार. मीटरच्या जगात वारकरी आणि म्हैस एकाच रंगाचे. ज्याला हे माहीत आहे तो कॅमेऱ्यावरचं प्लस-मायनसचं बटण दाबून दिंडीसाठी एक-दीड स्टॉप वाढवतो, म्हशीसाठी तेवढाच कमी करतो. म्हणजे कॉम्प्रेसरला हात लावत नाही, रिमोट हातात घेतो. एवढंच तर कौशल्य आहे!

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, आता कॅमेरे हुशार आहेत. अगदी बरोबर. १९८३ मध्ये निकॉनच्या एफए कॅमेऱ्याने फ्रेमचे पाच भाग करून मोजायला सुरुवात केली. १९९६ च्या एफ-५ मध्ये १००५ पिक्सेलचा रंग ओळखणारा मीटर होता, आणि समोरचं दृश्य तो तीस हजारांहून जास्त दृश्यांच्या माहितीशी ताडून बघायचा. आजचा फोन तर लाखो फोटोंवर शिकलेला असतो. पण म्हणून सेटपॉइंट नाहीसा झाला का? नाही. तो लपला. आधी तो एक आकडा होता, पुस्तकात छापलेला, कोणालाही वाचता येणारा. आता तो कुठल्या तरी कंपनीत कुठल्या तरी टीमने 'चांगले' म्हणून निवडलेल्या फोटोंमध्ये मुरलेला आहे.

चंद्राचं उदाहरण देते, दोन वेगवेगळ्या काळांतलं.

१९४१ मध्ये अॅन्सेल अॅडम्स हा अमेरिकन फोटोग्राफर न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळून गाडीने चालला होता. संध्याकाळ. गावावर चंद्र उगवलेला, आणि चर्चच्या आवारातल्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा उजेड. गाडी थांबवून त्याने मोठा कॅमेरा लावला, आणि लाइट मीटर काही सापडेना. उजेड तर पळतोय. त्याला आठवलं, की चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल्स असते. चंद्र मध्यम करड्यापेक्षा दोन स्टॉप उजळ ठेवायचा तर मध्यम करड्याला २५० चे चौथे हिस्से, म्हणजे साठच्या आसपास. त्या फिल्मच्या वेगाला हे येतं एफ/८ वर सेकंदाचा साठावा भाग. पुढे पिवळा फिल्टर, त्याचे तिप्पट, म्हणजे विसावा भाग. एफ/८ वरून एफ/३२ वर जायचं म्हणजे चार स्टॉप, सोळा पट. विसावा भाग गुणिले सोळा, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. बटण दाबलं. दुसरी फिल्म घेईपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता. तो एकच फोटो जगप्रसिद्ध झाला. आपल्याला व्हायव्हाला हातात बोर्डवर पेन असून ओहमचा नियम आठवत नाही, तिथे या माणसाने अंधारात ही आकडेमोड केली!

आता २०२३. एका माणसाने चंद्राचा एक मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून एका नावाजलेल्या कंपनीच्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला. फोनने त्याला खड्डे-डोंगर दिसणारा झकास चंद्र काढून दिला. स्क्रीनवर जे नव्हतंच ते! बराच गाजावाजा झाला. मग कंपनीनेही समजावून सांगितलं, की फोन चंद्र ओळखतो आणि त्याचे बारकावे ठळक करतो.

गंमत अशी, की चंद्राविषयी आधीच माहीत असलेलं ज्ञान दोघांनीही वापरलं. अॅडम्सनेही वापरलं, फोननेही वापरलं. फरक कुठे आहे? अॅडम्सला माहीत होतं की आपण काय वापरतोय, कुठे वापरतोय आणि का. उद्या कोणी विचारलं तर तो पायरी-पायरीने सांगू शकत होता. फोनवाल्याला कोणी विचारलं तर तो काय सांगणार? "मस्त आलाय ना?" एवढंच!

चंद्राचं सोडा. चंद्र काही तक्रार करत नाही. माणसाचं काय?

आमच्या मेसमध्ये भाकरी करणाऱ्या मावशी आहेत. मागच्या दिवाळीत त्या म्हणाल्या, "माझा एक चांगला फोटो काढ गं, गावी भिंतीवर लावायला पाहिजे." मी रूममेटचा नवाकोरा फोन घेतला आणि काढला. मावशींनी स्क्रीन हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाल्या, "ही कोण बया? माझा तीळ कुठं गेला?" खरंच, नाकाशेजारचा तीळ नव्हता. कपाळावरच्या रेषा नव्हत्या. आणि मावशी दोन छटा उजळ झाल्या होत्या. चेहरा 'सुंदर' करायची सेटिंग कंपनीतून येतानाच चालू होती. आम्ही ती शोधून बंद केली, परत काढला, आणि मावशींचा तो फोटो आता भिंतीवर आहे, तीळासकट.

विचार करा, यात निर्णय कोणाचा होता? माझा नाही. रूममेटचा नाही. मावशींचा तर नाहीच. सावळा रंग उजळ करायचा, वय पुसायचं, हा निर्णय कोणीतरी कुठेतरी आधीच घेऊन ठेवलेला होता आणि आम्ही तिघींनी फक्त बटण दाबलं. आणि हे आजचंही नाही. फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड असायचं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिची त्वचा बरोबर दिसली की मशीन बरोबर. बाकीच्या जगाच्या त्वचेचं काय, हा प्रश्न बराच काळ त्या कार्डावर नव्हताच. म्हणजे सेटपॉइंट तेव्हाही दुसऱ्याचाच होता.

तसंच रात्रीचं. परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेले की आम्ही पाचजणी एका मेणबत्तीभोवती बसून 'सिग्नल्स अँड सिस्टीम्स' करतो. त्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे अर्धे उजळ, अर्धे अंधारात. नाइट मोडने फोटो काढला तर ट्यूबलाइटखाली बसल्यासारखा येतो. मागच्या भिंतीवरचं वेळापत्रकसुद्धा वाचता येतं. फोनला वाटतं, अंधार म्हणजे दोष, तो काढून टाकला पाहिजे. अहो, पण आमच्या रात्रीत अंधारच तर होता! तो काढला तर उरलं काय?

आता क्षण पकडण्याचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ए-९ थ्री सेकंदाला १२० फोटो काढतो. एवढं कशाला, सेकंदाला २० चा हिशोब करू. कबड्डीची एक रेड ३० सेकंदांची. म्हणजे एका रेडचे ६०० फोटो! काही कॅमेरे आणि फोन तर बटण दाबायच्या आधीपासूनच फ्रेम्स साठवत असतात. 'कधी दाबायचं' हा प्रश्नच निकालात. पण निर्णय टळला का? नाही, तो पुढे ढकलला गेला. आता तो मैदानावर न होता रात्री लॅपटॉपवर होतो. किंवा होतच नाही! गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचे चार हजारांच्या वर फोटो क्लबच्या हार्डडिस्कवर पडून आहेत. ते निवडायला आजवर कोणाला वेळ झालेला नाही. आणि मॅगझिनसाठी फोटो मागितले की सगळे एकमेकांकडे बघतात.

साताऱ्याला आमच्या घराजवळ एक स्टुडिओवाले काका आहेत. पंचवीस-तीस वर्षं लग्नांचे फोटो काढतायत. मला वाटलं होतं, ते माझ्या बाजूने बोलतील. ते उलट म्हणाले, "ऑटोफोकस नसता ना, तर माझं दुकान दहा वर्षांपूर्वीच बंद झालं असतं. डोळे कुठे साथ देतात आता?" खरं आहे. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना आपण हॉस्टेलमधून मॅन्युअलचं कौतुक सांगू नये. पण मग चहा पिता पिता तेच म्हणाले, "हाताखालची पोरं चांगली आहेत गं. फोटो एकही हललेला नसतो. पण हळद लागताना सगळे नवरीवर धरतात. तिचा बाप कोपऱ्यात खांबाला टेकून उभा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ते कॅमेरा सांगत नाही ना." काकांकडे रोल होते तेव्हा एका रोलला ३६ फोटो. प्रत्येक दाबण्याला पैसे. त्यामुळे दाबायच्या आधी बघावं लागायचं, आणि बघून बघून त्यांना तो बाप दिसायला लागला. डोळ्यांची ताकद कमी झाली, पण ती नजर अजून आहे. ऑटोफोकस त्यांना पुरतो, कारण कशावर फोकस करायचा हे त्यांना माहीत आहे. माझी काळजी वेगळी आहे. ज्याने पहिल्या दिवसापासून फक्त ऑटो बघितलं, त्याला ही नजर कुठून येणार?

आता त्या लॉगटेबलच्या प्रश्नाकडे येते. सीनियरना उत्तर असं आहे. लॉगटेबल वापरा नाहीतर कॅलक्युलेटर, गुणाकाराचं उत्तर एकच येतं. यायलाच पाहिजे. म्हणून लॉगटेबल गेलं तरी आपलं काही गेलं नाही, वेळच वाचला. पण मेणबत्तीच्या फोटोचं बरोबर उत्तर कोणतं? दिंडीचा पांढरा किती पांढरा? बापाचा फोटो आधी की नवरीचा? इथे एक बरोबर उत्तर नाहीच. इथे कोणाला तरी ठरवावं लागतं. जिथे उत्तर एकच आहे ते काम यंत्राला खुशाल द्या. जिथे ठरवायचं आहे तिथे यंत्राला दिलं की काम वाचत नाही, फक्त आपल्या जागी दुसरं कोणीतरी ठरवतं. त्याला आपण ओळखत नाही, आणि त्याने मावशींना कधी पाहिलेलं नाही.

आणि हा प्रश्न फोटोपुरता नाही. निकॉनने तो पाच भागांचा मीटर काढला त्याच १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'ऑटोमॅटिका' या जर्नलमध्ये ऑटोमेशनच्या विरोधाभासांवर एक पेपर लिहिला. पाच-सहा पानांचा आहे, जमल्यास जरूर वाचा. थोडक्यात मुद्दा असा, की सोपी, रोजची कामं यंत्राकडे जातात आणि अवघड, अडीअडचणीची कामं माणसाकडे उरतात. पण रोजच्या कामातूनच हात तयार होत असतो. म्हणजे नेमका जेव्हा माणूस लागतो तेव्हा त्याचा सराव गेलेला असतो. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साठला, आकडे चुकले, ऑटोपायलट बाजूला झाला आणि विमान अचानक माणसांच्या हातात आलं. ते त्यांना सावरता आलं नाही. अशा अपघाताला कारण एकच कधीच नसतं, पण इतक्या उंचीवर हाताने विमान उडवण्याच्या प्रशिक्षणात वाढ करा, असं चौकशीनंतर सांगितलं गेलं.

कॅमेऱ्याने कोणी मरत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच तर सरावासाठी कॅमेरा चांगला! चुकलं तर काय, एक फोटो काळा येईल. आपण सगळे दोन-तीन वर्षांत कुठे ना कुठे नोकरीला लागू (आशा तरी आहे!). कोणी गाडीचे ब्रेक, कोणी हॉस्पिटलचं मशीन, कोणी लोन द्यायचं की नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअर बनवेल. तिथे सेटपॉइंट आपण लिहिणार आहोत, आणि बटण दाबणारी मावशी दुसरीच कोणीतरी असेल. त्या वेळी आपल्याला निदान एवढं तरी सुचायला हवं, की आपण इथे कोणासाठी तरी काहीतरी ठरवतोय, आणि ते तिला दिसायला पाहिजे, बदलता यायला पाहिजे. हे पुस्तकातून कळतं तसं हाताने केल्यावर जास्त कळतं.

म्हणून माझा प्रस्ताव परत एकदा मांडते, आणि मीटिंगमध्ये आलेल्या आक्षेपांची उत्तरंही देते.

'एंट्रीच येणार नाहीत.' दहा आल्या तरी चालतील. बाकीचे गट आहेत तसेच राहू देत, ऑटो, फोन, जे हवं ते.

'सगळ्यांकडे कॅमेरे नाहीत.' हा आक्षेप मला सगळ्यात पटतो. पण क्लबच्या कपाटात दोन जुने डीएसएलआर धूळ खात पडलेत, ते पाळीपाळीने देता येतील. शिवाय बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात शटर, आयएसओ, फोकस हाताने लावता येतात. तोही चालेल. फक्त चेहरा गोरा करणारं काहीही चालू नको!

'यात नवीन काय?' नवीन एवढंच, की ३६ फोटोंबरोबर प्रत्येकाने एका पानावर लिहून द्यायचं, की यातल्या कुठल्याही तीन फोटोंत आपण काय ठरवलं आणि का. परीक्षक फोटो बघतील आणि ते पानही वाचतील. सर आणि मॅडम मंडळींनाही विनंती, की तुम्हीही भाग घ्या. तुमच्यापैकी काहींनी रोल वापरलेला आहे, त्यामुळे आम्ही हरण्याची शक्यता जास्त, पण चालेल.

उन्हात फोटो काढायचा असेल तर फिल्मवाल्यांचा एक सोपा नियम आहे, तो आजच पाठ करा. स्वच्छ ऊन असेल तर अॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर 'एक भागिले आयएसओ'. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा त्याच्या जवळचा जो मिळेल तो. मीटर नको, बॅटरी नको. (फोनवाल्यांना अॅपर्चर बदलता येत नाही, त्यांनी शटर त्या प्रमाणात वाढवावं. गणित तुम्हीच करा, इंजिनिअर आहात!) रविवारी दुपारी मेस झाल्यावर ग्राउंडवर जा आणि दहा फोटो काढून बघा. निम्मे बरे येतील. आणि ते का बरे आले, हे तुम्हाला माहीत असेल.

नावनोंदणी क्लबच्या नोटीस बोर्डवर आहे. पुढची मीटिंग शनिवारी संध्याकाळी सहाला, कॅन्टीनमागे. ज्यांना हे सगळं फालतू वाटतं त्यांनी तर नक्की यावं. चहा माझ्याकडून. टी-शर्टचा विषय मात्र शेवटी घेऊ!